केशरी कात्रीच्या गावाला, आईसोबत

आईच्या शिवणाच्या डब्यात केशरी दांड्याची एक कात्री आहे, कापडासाठीची, तिने कुणी कागद कापला तर घरात रामायण होतं. आई फिनलंडला आली तेव्हा मी सांगितलं की ही फिस्कार्स कंपनीची कात्री, आणि फिस्कार्स हे खरंच गाव आहे, तर म्हणाली आधी तिथेच जाऊ.

हेलसिंकीहून तासाभरात ट्रेनने कार्या, तिथून टॅक्सी.

नदीकाठचं छोटंसं गाव आहे, गर्द झाडी, घड्याळाचा मनोरा, कामगारांची जुनी घरं. लोखंडाचा कारखाना निघाला 1649 मध्ये, फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. मला भारी वाटलं ते हे की लोहखनिज इथलं नव्हतंच, बरंचसं समुद्रापलीकडून स्टॉकहोमजवळच्या उत्यो बेटावरून जहाजाने यायचं! मग कारखाना इथे का, तर नदीच्या पाण्यावर भाते आणि घण चालायचे आणि कोळशाला जंगल होतं. 1832 पासून सुऱ्या-काटेही बनायला लागले.

पुढे कंपनीने काम शेजारच्या बिलनेसला नेलं आणि इथल्या इमारती ओस पडल्या. आपल्याकडच्या बंद गिरण्या आठवल्या की पोटात तुटतं, पण इथे त्या पाडल्या नाहीत, 1990 च्या आसपास कारागिरांना आणि कलाकारांना भाड्याने द्यायला लागले, सुतार, कुंभार, लोहार, काचकाम करणारे असे सगळे आले आणि नुसती दुकानं नाही थाटली, राहायलाच आले. 1996 मध्ये त्यांनी ओनोमा नावाची सहकारी संस्था काढली. सोसायटी म्हटल्यावर आईचे कान टवकारले, सभासद किती, माल कोण विकतं, सगळं मला विचारून झालं. वस्तू महाग आहेत, पण एका वर्कशॉपमध्ये माणूस रंधा मारत होता ते बघत आम्ही अर्धा तास उभ्या होतो, लाकडाचा तो वास अजून नाकात आहे.

शेवटी कात्र्यांच्या दुकानात गेलो. तिथे आईला केशरी रंगाची गोष्ट सांगितली, 1967 मध्ये कात्रीच्या दांड्याचा नमुना बनवताना मशीनमध्ये ज्यूसरचं केशरी प्लास्टिक उरलेलं होतं तेच वापरलं, आणि मग केशरी की काळा यावर कामगारांनी मतं दिली.

"अगं, म्हणजे माझ्या कात्रीला संत्र्याचा रंग आहे!"

धागे कापायची एक छोटी कात्री तिने घेतली, केशरीच, आणि ट्रेनमध्ये पूर्ण वेळ मांडीवर धरून बसली होती.