तीस सेकंदांचा धीर

तक्रार जर्मनीतल्या एका श्रोत्याची होती. एकाच मिनिटाचे पैसे त्याच्या वॉलेटमधून दोनदा गेले होते. रक्कम ४० सॅतोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सॅतोशी होतात, तेव्हा आपल्या हिशेबात हे जेमतेम दोन-चार रुपये.

आम्ही तिघं मालवणात बसून एका परदेशी कंपनीचं ऑडिओ अ‍ॅप सांभाळतो. ऐकणारा दर मिनिटाला थोडे सॅतोशी देतो आणि ते लायटनिंग नावाच्या, बिटकॉइनवर उभारलेल्या नेटवर्कवरून कार्यक्रम करणाऱ्याच्या नावे जमा होतात. घरचे विचारतात, इथे मासळीबाजारात यूपीआय चालतं, मग ही उठाठेव कशाला? इथल्या इथे द्यायचं तर यूपीआयच बरं. शिवाय आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे. पण जर्मनीतल्या माणसाने ब्राझीलमधल्या कलाकाराला मिनिटाला दोन-चार रुपये द्यायचे म्हटलं, तर कार्डाचं शुल्कच रकमेपेक्षा जास्त होतं. बिटकॉइनच्या मूळ साखळीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक नोंदवहीवर, व्यवहारांचा नवा गठ्ठा (ब्लॉक) सरासरी दहा मिनिटांनी येतो, फी वेगळीच. २०१६ साली जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी लायटनिंगचा जो आराखडा मांडला, त्यात कुणीही दोघांनी साखळीवर एकदा आपसातलं चॅनेल, म्हणजे देवघेवीचं खातं, उघडायचं आणि पुढची देवघेव साखळीबाहेर करायची. ओळख नसलेल्या माणसालाही मधल्या नोड्सच्या, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या संगणकांच्या, हातून पैसे पोचतात, बहुतेक वेळा काही सेकंदांत.

त्या ‘बहुतेक’मध्येच आमची केस होती.

जूनचा पाऊस, सकाळपासून लाईट नव्हती. इन्व्हर्टरवर एक लॅपटॉप आणि मोबाईलचं नेट. कंपनीचा मॅनेजर फोनवर म्हणाला, ‘पैसे परत करा आणि तक्रारीचं तिकीट बंद करा, चाळीस सॅतोशींवर कुणी दिवस घालवत नाही.’ मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मला खटकत होतं ते वेगळंच. चाळीस सॅतोशी गेले तर तक्रार करतो कोण? हा एक जागरूक निघाला. बाकीच्यांच्या लक्षातही आलं नसेल.

त्या श्रोत्याने दोन्ही पेमेंटचे प्रीइमेज पाठवले होते. लायटनिंगमध्ये हीच पावती. पैसे घेणाऱ्याचा नोड एक गुप्त आकडा ठरवतो, तोच प्रीइमेज, आणि त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, इन्व्हॉइसमध्ये (पैसे मागणाऱ्या बिलात) देतो. पैसे स्वीकारताना त्याला तो आकडा उघड करावाच लागतो. म्हणून पैसे देणाऱ्याकडे प्रीइमेज असेल, तर त्याचं पेमेंट पोचलेलं आहे. त्यात वादाला जागा नाही. मी पहिल्या प्रीइमेजवर एसएचए-२५६, म्हणजे तो हॅश काढायचं गणित, चालवलं. आलेली चौसष्ट अक्षरं आमच्यातला धाकटा मुलगा चार-चार करून वाचत गेला आणि मी आमच्या डेटाबेसमधल्या रांगेवर बोट ठेवून जुळवत गेले. शेवटच्या चारपर्यंत सगळी जुळली. त्याच रांगेत स्टेटसचा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं: फेल्ड.

‘ताई, पैसे पोचले तर फेल्ड कसा?’

आधीच्या टीमने लिहिलेला कोड उघडला. अ‍ॅप श्रोत्याच्या वॉलेटला पैसे द्यायला सांगायचं, तीस सेकंद वाट बघायचं, उत्तर नाही आलं की ‘फेल्ड’ लिहून नवं इन्व्हॉइस काढायचं आणि पुन्हा द्यायला सांगायचं. पण लायटनिंगच्या इन्व्हॉइसवर वेगळी मुदत लिहिली नसेल तर ती एक तास धरली जाते, आणि आमच्या इन्व्हॉइसवर लिहिलेली नव्हती. म्हणजे अ‍ॅपने पहिलं इन्व्हॉइस सोडून दिलं तरी ते तासभर जिवंतच. वाटेतला एखादा नोड अडला, पेमेंट लोंबकळलं, दोन मिनिटांनी पोचलं, तरी घेणारा नोड ते खुशाल स्वीकारणार. तोवर दुसरंही पोचलेलं.

मुंबईला एसटीने आंब्याची पेटी पाठवली आणि पाहुण्याने फोन उचलला नाही, म्हणून कुणी लगेच दुसरी पेटी पाठवत नाही. आधी डेपोत विचारतो.

आम्हालाही विचारायला जागा होती. पैसे जमा होतात तो नोड कंपनीचाच. आमच्या तक्त्यातले ‘फेल्ड’ हॅश घेऊन मी त्या नोडला विचारलं, यातली किती इन्व्हॉइस तुझ्याकडे सेटल झाली आहेत? यादी स्क्रीनवर मावेना. एकेक ओळ दहा, वीस, चाळीस सॅतोशींची. बाकी कुणीही तक्रार केलेली नव्हती. मला त्याचा राग आला. इतक्या लहान रकमेवर ऐकणारा लक्ष ठेवत नाही, बँक मध्ये नाही, तक्रार निवारणाची खिडकी नाही. हिशेब राखणारे फक्त आपणच, आणि आपल्याच तक्त्यात खोटं लिहिलेलं.

दुपारी नेट सारखं जात-येत होतं, आणि तेच कामाला आलं. ऑफिसच्या फायबरवर कधी न दिसलेली चूक आमच्या चाचणीच्या फोनवर घडली: वॉलेटने पैसे दिले, उत्तर यायच्या आत रेंज गेली, आणि रेंज येताच अ‍ॅपने दुसरं इन्व्हॉइस पुढे केलं. आमच्यातल्या धाकट्याने ते रेकॉर्ड करून मॅनेजरला पाठवलं. मग ‘तिकीट बंद करा’ हा सूर बदलला.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. नवं इन्व्हॉइस काढण्याआधी जुनं रद्द करायला नोडला सांगायचं. रद्द झालं तर मागाहून येणारं पेमेंट नोड परतवून लावतो. आधीच सेटल झालं असेल तर नोड रद्द करायला नकार देतो, म्हणजे पैसे मिळालेत, पुन्हा मागायचे नाहीत. आणि उत्तर येईपर्यंत स्टेटस ‘फेल्ड’ नाही, ‘खात्री बाकी’. या तिसऱ्या स्टेटसवरच सगळ्यात जास्त भांडावं लागलं. मॅनेजरचं म्हणणं, असं काही दिसलं की लोक घाबरतात. मी म्हटलं, माहीत नसताना फेल्ड लिहिणं हे ग्राहकाशी खोटं बोलणं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच नोडवर आहे.

लायटनिंगवर गेलेले पैसे मागे ओढता येत नाहीत. कलाकारांकडून ते कापून घ्यायचे नाहीत, ही अट आम्ही घातली आणि कंपनीने मानली. यादीतल्या प्रत्येक श्रोत्याला कंपनीने स्वतःच्या खिशातून परतफेड केली. दहा सॅतोशीवाल्यांनाही.

आता प्रत्येक नव्या आवृत्तीच्या रिलीजच्या आधी एक चाचणी चालते. आमच्यातल्या धाकट्याने खाजगी नेटवर्कवर तीन नोड उभे केलेत. पेमेंट वाटेत असताना मधला नोड बंद पडतो, आणि अ‍ॅपने दुसऱ्यांदा पैसे मागितले तर रिलीज तिथेच थांबतो.