साहेबाच्या ओट्यावर कोण उभं होतं

ऑगस्ट लागला की आमच्याकडे हेलियमचा विषय निघतोच. विजयदुर्गात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणतात त्या चौथऱ्यांवर शाळांची पोरं जातात, भाषणं होतात. यंदा भावाची मुलगी, नववीत आहे, ती पण भाषण लिहायला बसली आणि तिचं पहिलंच वाक्य असं होतं की १८ ऑगस्ट १८६८ ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेबांनी विजयदुर्गावरून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला. ही गोष्ट तिला मीच सांगितलेली, मला माझ्या बाईंनी सांगितलेली. पण ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "आत्ये, तो साहेब हय इलो कसो? तेव्हा सुएझचो कालवो पण नव्हतो." (कालवा १८६९ चा, तिच्या पुस्तकात आहे.)

मग काय, रात्री अकरापर्यंत आम्ही दोघी वाचत बसलो. आणि खरं असं निघालं की १८६८ च्या त्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. ग्रहण बघणारे इथे वेगळेच होते, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला, मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला. त्या दिवशी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात (म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात) एक पिवळी रेघ दिसली आणि आधी सगळ्यांना ती सोडियमची वाटली. लॉकयरनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, इंग्लंडमधून त्या ज्वाळांचा वर्णपट घेतला, आणि नीट मोजल्यावर ती पिवळी रेघ सोडियमच्या जागी बसेना. बाजूला होती, थोडीशीच, पण बाजूला.

ही "थोडीशीच" म्हणजे किती ते तिला कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा स्वयंपाकघरात करून दाखवलं. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं, ज्योत भगभगीत पिवळी झाली, आणि जुन्या सीडीचा तुकडा लावलेल्या बुटाच्या खोक्यातून, फटीला डोळा लावून, तिने ती रेघ बघितली. ती सोडियमची, खरं तर चिकटलेल्या दोन रेघा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या. हेलियमची येते ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरचा फरक! एवढ्याशा फरकाला "जाऊ दे" न म्हणता तो माणूस अडून बसला, आणि पृथ्वीवर कोणी न पाहिलेल्या मूलद्रव्याला सूर्यावरून नाव मिळालं. तो वायू प्रयोगशाळेत हाताला लागला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेंना, युरेनियमच्या खनिजातून. म्हणजे सत्तावीस वर्षं ती रेघ एकटीच साक्षीदार होती.

आता विजयदुर्ग. लॉकयर तिथे आले होते, अगदी खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेऊन, यंत्रं मांडून, जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रासासाठी. आपण गोष्ट सांगताना दोन ग्रहणं एकात घातली, तीस वर्षांचं अंतर गिळून टाकलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, लहानपणापासूनचा अभिमान होता तो. पण दुसऱ्या दिवशी वाटलं की खरी गोष्ट जास्त मोठी आहे, त्यात आपला किल्ला आहेच, फक्त त्याच्या स्वतःच्या तारखेला.

मला तेव्हा सारखे पां. वा. काणे आठवत होते. दापोलीत शाळा शिकलेला माणूस, हायकोर्टात वकिली करणारा, आणि व्यवहारमयूख नावाच्या हिंदू कायद्याच्या जुन्या ग्रंथाला प्रस्तावना लिहायची म्हणून बसला तो धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहून उठला, पहिला १९३० ला, शेवटचा १९६२ ला. साडेसहा हजारांच्या वर पानं. "शास्त्रात असं आहे" एवढ्यावर त्यांचं भागायचं नाही, कुठल्या ग्रंथात, तो कधीचा, त्याच्या आधी कोण काय म्हणालं, सगळं शोधायचं. आणि हे नुसतं पोथ्यांचं काम नव्हतं हो, तेव्हा वारसाहक्काचे खटले यावर चालायचे, उत्तर कोकणात मयूखाला मान, आमच्या रत्नागिरीकडे मिताक्षरा या दुसऱ्या ग्रंथाला. कुठला ग्रंथ कुठे चालतो यावर कुणाची जमीन कुणाकडे जाणार हे ठरायचं.

गणितात मात्र वेगळं आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि त्यांच्या विषयात सिद्धता एकदा बरोबर आली की ती लिहिणारा कुठे उभा होता याने काही बिघडत नाही, घरी बसून कागदावर तपासता येते. ग्रहणाचं तसं नाही, माणूस त्या दिवशी त्या जागी होता का हे बघावंच लागतं. मला यातला फरक फार आवडतो, आणि तो शाळेत कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

आता भाषणाचं काय, तर ती घाबरली होती. "आत्ये, मगे माका सगळी म्हणतली गावाची शान घालवलंस." मी म्हटलं तुझं तू ठरव. रात्री वही बघितली तर पहिलं वाक्य खोडलेलं होतं, आणि खाली नवीन: "२२ जानेवारी १८९८, विजयदुर्ग. साहेबाकडे फक्त दोन मिनिटं होती." पुढचं अजून कोरं आहे, त्या दोन मिनिटांत कुठल्या यंत्रावर कोण बसलं होतं ते तिला आधी शोधायचंय.