कोणता बारा कोणाचा?

इंदूरमधल्या एका घाऊक शेव-नमकीन व्यापाऱ्याचे बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो. 22 सप्टेंबर 2025पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि आदल्या रविवारी रात्री मला माझ्याच जुन्या कोडचे दर्शन घडले. कराचा 12 मी सात ठिकाणी थेट लिहून ठेवला होता. सरसकट शोधून बदलण्याची सोय नव्हती, कारण त्याच कोडमध्ये वर्षाचे महिनेही 12 होते आणि एका खोक्यातली पाकिटेही 12च. कोणता बारा कोणाचा, हे ओळ न् ओळ वाचूनच ठरवावे लागले.

त्या वैतागात मी सगळेच आकडे कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे कोडला हात न लावता बदलता येणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये, नेले आणि रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला. मुनीमजींनी फाइल उघडून ‘5’च्या जागी ‘0.05’ लिहिले. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होते, पण प्रोग्रॅमने ते 0.05 टक्के समजून 1,000 रुपयांच्या मालावर 50 पैसे कर लावला. कोडमधली चूक निदान चाचणीत सापडते. फाइलची चाचणी घ्यायची असते हे मलाच सुचले नव्हते. आता फाइलमधले प्रत्येक मूल्य सुरुवातीलाच तपासले जाते आणि ते बसत नसेल तर प्रोग्रॅम चालूच होत नाही.

खरी मेख पुढे निघाली. ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला. त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारी चिठ्ठी) मूळ बिलाच्या, म्हणजे 12 टक्के दरानेच काढायची असते, आणि फाइलमध्ये तर एकच दर मावत होता. तेव्हा उमगले, की कराचा दर हे मुळात कॉन्फिगरेशनच नव्हे. ती तारखेला बांधलेली नोंद आहे. तो आता ‘कधीपासून लागू’ या रकान्यासह डेटाबेसच्या तक्त्यात असतो.

ॲप इंटरनेटवर चालवून देणाऱ्या हेरोकू या कंपनीच्या मंडळींनी 2011मध्ये मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या सॉफ्टवेअर बांधणीच्या नियमावलीत (इथेही बाराच!) एक कसोटी दिली आहे: सगळा कोड या क्षणी जगजाहीर केला, तर एखादे गुपित फुटेल का? माझे फुटले असते, कारण डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच होता. तो आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर त्या यंत्राच्याच सेटिंगमध्ये, आहे. फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता, प्रिंटरचे नाव अशा, यंत्रागणिक बदलणाऱ्याच गोष्टी उरल्या आहेत. खोक्यातल्या पाकिटांची संख्या मालाच्या यादीत गेली. महिने मात्र परत कोडमध्येच आणले, फक्त त्या बाराला आता नाव दिले आहे.