आडवी बाटली: आमच्या गावचं मतदान

गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं, असं आमच्याकडे प्रत्येक पुढारी म्हणायचा. सरपंचांचा पाठिंबा, विरोधी गटाचाही पाठिंबा. पण अर्जावर सह्या आणि मतं लागणार होती बायांची, आणि त्यांना गोळा करायला यातलं कुणी फिरकलं नाही.

2008च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. खरी मेख पुढेच आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई दुकानाच्याच कामी येते. वारलेलीसुद्धा, यादीतून नाव कमी केलेलं नसेल तर.

म्हणून आम्ही आधी मतदार यादी धरली. रात्री जेवणं उरकली की देवळात बसून एकेक नाव वाचायचं. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, वर्षश्राद्ध झालेल्या सासवा, सगळ्या यादीत होत्या. त्यांच्यासाठी नमुना 7, म्हणजे नाव वगळायचे अर्ज, भरून बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या गावच्या कर्मचाऱ्याकडे दिले. ऊसतोडीला गेलेल्या बाया परतल्याशिवाय मतदान ठेवू नका, असं निवेदन तहसीलदारांना दिलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी यादीपासूनच सुरुवात करावी, असं मी कळकळीने सांगते.

पडताळणीला एक्साइजचे, म्हणजे दारूचे परवाने बघणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याचे साहेब ग्रामपंचायतीत बसले. बाहेर ओट्यावर नवरे उभे. माझ्या पुढे एक वहिनी होत्या, अर्जावर त्यांचा अंगठा होता. साहेबांनी विचारलं, "तुमचाच का? कुणी जबरदस्ती केली?" त्या बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझाच हाय. नवरा माझ्या गळ्यातलं मनी मोडून प्याला तवा कुणी इचारलं न्हाई जबरदस्तीचं." त्यानंतर रांगेतली एकही बाई मागे सरली नाही.

मतदानाच्या दिवशी पाठिंबावाल्यांच्या गाड्या आल्या नाहीत. दुकानाचा पैसा निवडणुकीत दोन्हीकडे जातो, हे गावाला ठाऊक होतं. म्हाताऱ्यांना आम्ही ट्रॅक्टरमधून आणलं. आडवी बाटली निम्म्याच्या पुढे गेली आणि दुकानाला कुलूप लागलं.

चंद्रपूरची दारूबंदी 2015ला आली आणि 2021ला उठली, तुमची किती टिकणार, असं आता लोक विचारतात. हातभट्टीचा वास ओढ्याकडून येतोच. तक्रार लेखी देऊन पोहोच घ्यायची, हे आम्ही शिकलो. दुसरी काळजी पिणाऱ्यांची. रोजचा पिणारा एकदम थांबला की हातपाय कापतात, झटके येतात, भलतंसलतं दिसायला लागतं. त्याला घरात कोंडू नका, दवाखान्यात न्या. आमच्या गल्लीतल्या एकाला वेळेवर नेलं म्हणून तो वाचला.

आता ग्रामपंचायतीची निवडणूक आलीय. दारू वाटणाऱ्या उमेदवाराला मत नाही, असा ठराव बचत गटांनी केलाय आणि दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांच्या त्यावर सह्या मागितल्यात. एका गटाने केली. दुसऱ्याकडे उद्या परत जाणार आहोत.