डायलिसिस चालू असताना चादर वर ओढू नका

पावसाळा लागला की आमच्या आयसीयूतलं डायलिसिसचं मशीन फारसं रिकामं राहत नाही. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) पेशंट येतात, शेतात घोणस चावलेले येतात, सेप्सिसवाले (इन्फेक्शन अंगभर भिनलेले) तर बाराही महिने असतातच. किडनी अचानक बंद पडलेली, बीपी नॉरॲडवर (नॉरॲड्रेनलिन, बीपी वर ठेवणारं औषध) कसंबसं धरलेलं, अशा माणसाला खाली डायलिसिस युनिटला नेता येत नाही मग मशीनच बेडपाशी येतं आणि सहा-आठ, कधी बारा तासांचं स्लेड, म्हणजे संथ गतीचं लांबलेलं डायलिसिस, लावतात, हळूहळू, बीपी सांभाळत. टेक्निशियन दादा येतो, लावून देतो, थोडा वेळ थांबतो, पण खाली त्याचे दुसरे पेशंट असतात म्हणून जातो. उरलेली रात्र ते मशीन सिस्टरच्या भरवशावर, आणि तिने डायलिसिस बहुतेक वेळा लांबूनच बघितलेलं असतं.

ते मशीन रात्रभर कसं सांभाळायचं, हेच मी आता नव्या सिस्टर-ब्रदरना शिकवते. का, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका हॉस्पिटलला होते, नाईटला. पेशंट घोणस चावलेला शेतकरी, मांडीच्या शिरेत कॅथेटर (डायलिसिसची नळी), स्लेड चालू, ब्लड फ्लो मिनिटाला २०० एमएल. तो खोकला की व्हिनस प्रेशरचा (रक्त परत देणाऱ्या लाइनमधल्या दाबाचा) अलार्म वाजायचा, सारखा सारखा, शेजारचे पेशंट जागे व्हायला लागले म्हणून मी अलार्मची लिमिट रुंद करून ठेवली. त्याला थंडी वाजत होती म्हणून ब्लँकेट छातीपर्यंत ओढून दिलं. दोन्ही गोष्टी मी चांगल्या मनाने केल्या. थोड्या वेळाने शुगर चेक करायला गेले तर चादर ओली लागली, ब्लँकेट उचललं तर रिटर्नची, म्हणजे रक्त परत देणारी, लाइन कॅथेटरपासून सुटलेली आणि रक्त गादीवर. मशीन गप्प! पंप बंद केला, लाइन आणि कॅथेटर दोन्ही क्लॅम्प केले, डॉक्टरांना हाक मारली, रात्रीच रक्ताची पिशवी लावली. पेशंट वाचला, पुढे चालत घरी गेला. पण २०० च्या फ्लोने पाच मिनिटांत एक लिटर रक्त बाहेर जातं हा हिशोब मी त्या रात्री मांडला आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

मशीन गप्प का राहिलं हे मला तेव्हा कोणी शिकवलेलं नव्हतं. मशीनला बेड दिसत नाही, त्याला फक्त लाइनमधलं प्रेशर कळतं. पेशंटकडून रक्त ओढणारी लाइन सुटली तर पंप हवा ओढतो आणि एअर डिटेक्टर लगेच मशीन थांबवतो, पण रक्त परत देणारी लाइन सुटली तर हवा कुठूनच आत जात नाही, प्रेशर नुसतं थोडं खाली येतं, आणि लिमिट रुंद असेल किंवा लाइन ब्लँकेटखाली दबलेली असेल तर तेवढ्याने अलार्म वाजेलच असं नाही. मशीनच्या हिशोबाने सगळं ठीक चाललेलं असतं आणि रक्त गादीत जात असतं. म्हणून माझ्या ट्रेनिंगचा पहिला नियम: कॅथेटर आणि दोन्ही जोड उघडे, डोळ्यासमोर. थंडी वाजतेय तर ब्लँकेट वर घाला, पायावर घाला, पण ती जागा झाकू नका.

दुसरं म्हणजे अलार्म. आधी ट्रेनिंग म्हणजे काय होतं तर हे बटण दाबा, ते म्यूट करा. मी स्क्रीनला हातच लावू देत नाही पहिल्या दिवशी. मशीन सलाईनवर चालवते, पेशंटच्या जागी बादली, आणि सांगते लाइन हाताने दुमडा. ओढणारी लाइन दुमडली की मायनसमधला आकडा अजून मायनस होतो, परत देणारी दुमडली की व्हिनस वर चढतं. स्वतःच्या हाताने दुमडून बघितलं की ते कायमचं बसतं, मग अलार्म वाजल्यावर ती सिस्टर आधी लाइनकडे बघते, मग पेशंटकडे, आणि बटणाकडे शेवटी. व्हिनस हळूहळू चढत चाललंय, चेंबरमधलं रक्त काळपट दिसतंय, म्हणजे क्लॉट होतोय, तेव्हाच टेक्निशियनला फोन. पूर्ण जमल्यावर नाही, कारण तोपर्यंत सर्किटमधलं दीडशे-दोनशे एमएल रक्त परत देता येत नाही, फेकावं लागतं, आणि आधीच हिमोग्लोबिन सहा-सात असलेल्या माणसाचं तेवढं रक्त म्हणजे थोडं नाही.

आणि हेपरिन! यावर मी जरा जास्तच बोलते. डायलिसिस झाल्यावर कॅथेटर हेपरिनने (रक्त गोठू न देणारं औषध) लॉक करतात, म्हणजे ते आत भरून बंद ठेवतात, ५ एमएलच्या ज्या वायलमध्ये २५,००० युनिट असतात तेच बऱ्याच ठिकाणी तसंच भरतात. म्हणजे कॅथेटरचे दोन्ही लुमेन (आतल्या पोकळ्या) मिळून दहा हजार युनिटच्या वर. रात्री शिर मिळत नाही म्हणून कोणी त्याच कॅथेटरला सलाईन जोडून फ्लश मारलं तर ते सगळं एका झटक्यात पेशंटच्या अंगात. घोणसवाल्याचं रक्त तर आधीच गोठत नसतं. म्हणून कॅथेटरवर मोठं लेबल, आणि अगदीच इमर्जन्सीत डॉक्टरांनी वापरायला सांगितलं तर आधी लॉक ओढून फेकायचा, मग पुढचं.

सीआरआरटीची (दिवसरात्र सलग चालणारं डायलिसिस) बॅच वेगळी घेते, तिथे धोका चोरपावलाने येतो. ६० किलोच्या पेशंटला तासाला किलोमागे २० ते २५ एमएलचा डोस म्हणजे दिवसाला २९ ते ३६ लिटर द्रवाची उलाढाल. बॅगा वजनकाट्यावर टांगलेल्या, कोणाचा धक्का लागला, क्लॅम्प उघडायचा राहिला, आणि बॅलन्सचा अलार्म नुसता ओके करत गेलो, तर तासाला १०० एमएलची चूक दिवसाला २.४ लिटर होते. शिवाय रक्त बाहेर फिरून थंड होतं त्यामुळे ताप दिसतच नाही. चार्टवर टेंपरेचर नॉर्मल म्हणून इन्फेक्शन नाही असं धरायचं नाही, आणि कुठली अँटिबायोटिक डायलिसिसमध्ये निघून जाते, ती आधी द्यायची का नंतर, हे ओव्हर देतानाच (ड्युटी बदलताना) विचारून घ्यायचं.

सगळ्यात अवघड काय जातं तर सिस्टरला मोकळं करणं. एका सिस्टरकडे तीन पेशंट आणि त्यातल्या एकाला डायलिसिस, असं असेल तर माझं सगळं शिकवलेलं पाण्यात. मी इन्चार्ज मॅडमना दर वेळी हेच सांगते की मशीन चालू आहे तोवर तिला दुसरा बेड देऊ नका, आणि त्या जमेल तितकं ऐकतातही.

पुढची बॅच जुलैच्या आधी उरकायची आहे. स्टोअरवाल्यांना सांगून ठेवलंय की एक्सपायर झालेले ब्लड लाइनचे सेट फेकू नका, प्रॅक्टिसला लागतात. तुमच्या हॉस्पिटलमध्येही असे सेट पडून असतील तर आयसीयूच्या सिस्टरना मागून घ्यायला सांगा, आणि एक बादली.