हर्णैचा लिलाव आणि ओली लेन्स
दापोलीला गेलो की घरच्यांचा कार्यक्रम ठरलेला: आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग मुरुडच्या किनाऱ्यावर चहा-भजी. मी मात्र संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर पळते. तिथे वाळूतच मासळीचा लिलाव चालतो, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. किल्ल्याचे फोटो सगळेच काढतात. मला मावशींचे हात हवे असतात. बोटांना चिकटलेले खवले, मनगटात हिरव्या बांगड्या. ५० एमएमच्या लेन्सला झूम नाही, त्यामुळे चिखलातून आपणच पुढे सरकायचं.

"नुसते फोटोच काढतेस, सुरमई कोण घेणार?" एक मावशी ओरडल्या. घेतली मग, घासाघीस न करता. (नवऱ्याला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.)

तेवढ्यात लाट आली आणि लेन्सवर खारे तुषार. सासूबाई पदराने पुसायला धावल्या, मी किंचाळलेच! मीठ सुकं पुसलं की काचेवर चरे पडतात. खोलीवर येऊन ओल्या फडक्याने हलकेच टिपलं.

त्या धांदलीत बटण दाबलं गेलं होतं. सासूबाईंचा उडता पदर, त्याआड अर्धा सुवर्णदुर्ग. या खेपेचा तेवढाच फोटो छापून घेतलाय.