देवगिरी मड : खेळाडूंनी बनवलेल्या वस्तू, काम कुठवर आलं

तर मंडळी, 'कारागीर' कमांड एकदाची चालू झाली, अजून कच्ची आहे पण जालना-नांदेडचे आपले नेहमीचे गडी रात्री बसून टेस्ट करायलेत. नवीन लोकांसाठी, मड म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून टाइप करून खेळायचा शब्दांचा गेम, आपला 1296 च्या देवगिरीतला, अल्लाउद्दीन खिलजी यायच्या जरा आधीचा, अन् सगळं एव्हेनियावर, म्हणजे मड बनवायच्या पायथन भाषेतल्या तयार सॉफ्टवेअरवर.

नियम एकच, ताकद साच्याची अन् रूप खेळाडूचं. आधी साचा निवडा, कट्यार, घोंगडी, वाटी, काय असेल ते, त्याला लागणारं लोखंड नाहीतर लोकर द्या, मग नाव अन् वर्णन तुमच्या मनानं लिहा, डॅमेजला अन् वजनाला हात लावता येत नाही. जुन्या डिकू मडमधी याला रिस्ट्रिंग म्हणायचे, आपल्याकडं फक्त साहित्य खर्च होतं एवढंच. नांदेडच्या एकानं लगेच वाटीच्या साच्यावर 'मेंढा तोफ' बनवली, मागं मेंढ्याचं तोंड बिंड सगळं झकास वर्णन, नेऊन बुरुजावर ठेवली अन् म्हणतो डागा! अरे बाबा ती वाटी आहे, पाणी पी तिच्यातनं. मी ती परत पाठवली, पण ताकदीसाठी नाही, खरी मेंढा तोफ किल्ल्यावर लई नंतर आली म्हणून. हिमरू शालीचं बी तेच, ती कला तुघलकानं 1327 ला राजधानी इकडं हलवली तेव्हा आली म्हणतात. पैठणचं रेशीम मात्र बिनधास्त वापरा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते व्याकरणानं. इंग्रजी मडमधी नाव टाकलं की वाक्य तयार, इथं 'तू कट्यार उचललीस', 'तू अंगरखा उचललास', 'तू धनुष्य उचललंस', म्हणजे लिंग लागतंय, अन् तेवढ्यावर भागत नाही कारण अंगरख्यात काही लपवलं की 'अंगरखात' असं दिसून चालत नाही. शेवटचं अक्षर बघून कोडनं ओळखावं म्हणलं तर ढालीवर पण माळेवर, दोन्ही स्त्रीलिंगी, आता लाव नियम. म्हणून ज्याची वस्तू त्यालाच विचारतो. आधी हा, ही का हे, मग स्क्रीनवर येतं '____ धूळ बसली आहे', खेळाडू 'ढालीवर' टाइप करतो, कोड 'वर' कापून 'ढाली' साठवतं, बाकीची वाक्यं त्याच्यावरच चालतात. लोकांना व्याकरण विचारल्यासारखं वाटत बी नाही.

नावाची लांबी आता दिसणाऱ्या अक्षरांवर मोजतोय, कारण पायथन मात्रा-वेलांट्या बी वेगळ्या धरून 'पैठणी'ला 5 मोजतं अन् लांब नावं उगाच नाकारली जायची.

माणशी 5 वस्तू ठेवल्यात, त्याच्यावर लई कुरकुर आहे. पण 1989 च्या टायनीमडमधी कुणीबी काहीबी बनवायचं अन् डेटाबेस फुगत गेला, नंतर लॅम्डामू नावाच्या तसल्याच गेमला माणशी कोटा लावावाच लागला, अन् आपला सर्व्हर तर सगळ्यात स्वस्तातला.

राहिलं चोरीचं. चोरलेल्या वस्तूचं नाव बदलायचा हक्क कुणाला, याच्यावर ग्रुपमधी भांडण पेटलंय, मी म्हणायलोय बनवणाऱ्यालाच, जालनेवाले म्हणायलेत ज्याच्या हातात त्याला. बनवणाऱ्याचा आयडी वस्तूवर साठवलेला आहे, त्यामुळं काय ठरवायचं ते ठरवा, मला लॉकची, म्हणजे परवानगी कुणाला ते ठरवणारी, एक ओळ बदलायची आहे फक्त.